बुधवारची प्रार्थना कोणी मोडली

प्रियदर्शनीची आई नेहमी म्हणायची, ह्या पोरीला देवानं दोन कान द्यायचे तर चुकून चार दिले. कोणाच्या घरात भांडण कशावरून झालं, कोणाची सून माहेरी का बसली, शेजारची शेळी दूध का देईना, सगळं हिला कळायलाच हवं. मोठेपणी तिनं बायबलचं रीतसर शिक्षण घेतलं, जालन्याच्या चर्चमध्ये सेविका म्हणून लागली, पण जित्याची खोड ती, कुठं जाणार! म्हणूनच केदारखेड्याच्या मंडळीला नेमकं झालंय काय हे बघायला कोणाला पाठवावं असा प्रश्न निघाला, तेव्हा पाळक देवानंद पारखे यांनी दुसरं नाव घेतलंच नाही.

केदारखेड्याची ख्रिस्ती मंडळी जुनी, पण विहीर आटावी तशी आटत चाललेली. पारखेसाहेबांच्या अंगावर पाच गावांची चर्चेस, त्यामुळे तिथं त्यांचं जाणं महिन्यातून एखाद्या वेळी. एरवी रविवारी निम्मी बाकं रिकामी. जालन्याच्या कमिटीने जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं की, पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, तिथली उपासना बंद करायची आणि उरलेल्या घरांना भोकरदनच्या चर्चला जोडून द्यायचं. पारखेसाहेबांनी सणापर्यंतची मुदत कशीबशी मागून घेतली होती.

"तिथं जाऊन राहा," ते प्रियदर्शनीला म्हणाले. "मंडळीत जीव आहे का बघ. असला तर मी कमिटीशी भांडेन. नसला तर मला उगाच भांडायला लावू नकोस."

ती निघाली त्या दिवशी नेमकी चतुर्थी. एसटी राजूरपर्यंत खचाखच भरलेली. राजूरला गणपतीची सगळी माणसं उतरली आणि गाडीत ती, एक खताचं पोतं आणि पोत्याचा मालक एवढेच उरले. ह्या माणसांना कोणी बोलावणं पाठवत नाही, तरी कशी येतात, असा विचार करत ती केदारखेड्याला उतरली. चर्चच्या मागच्या खोलीची किल्ली घेऊन तातेराव उभेच होते.

तातेराव म्हणजे मंडळीचे वडील, चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ. घंटा तेच वाजवत, सतरंज्या तेच झटकत, पाळक नसले की प्रार्थनाही तेच चालवत. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. भोकरदनची बस चढणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. इथली उपासना बंद झाली तर तातेरावांना उरलेले रविवार घरच्या खाटेवर काढावे लागणार होते. ते स्वतः त्याविषयी बोलत नसत. फक्त किल्ली देताना म्हणाले, "कुलूप जरा आडतं, ताई. पन उघडतं."

प्रियदर्शनीने दुसऱ्याच दिवसापासून घरं धरली. मंडळी कमी का झाली, हा एकच प्रश्न, आणि उत्तरं जितकी तोंडं तितकी. एकजण म्हणाला, मोबाईल. दुसरा म्हणाला, पोरं जालन्याच्या कारखान्यांत गेली, म्हाताऱ्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? एका आजीने तर सरळ सैतानाचं नाव घेतलं. सैतानाचं नाव घेणं सोपं असतं, तो उलट उत्तर द्यायला येत नाही. प्रियदर्शनीचं समाधान होईना. मोबाईल काय एकट्या केदारखेड्यात आले होते?

मग तिने प्रश्न फिरवला. चर्च भरलेलं असायचं तेव्हा काय वेगळं होतं, असं विचारू लागली. आता मात्र सगळी तोंडं एका सुरात बोलली: बुधवारची प्रार्थना. दर बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी माणसं जमायची. ढोलकी, टाळ, दोन भजनं, एक वचन, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. मंडळीत असं घर नव्हतं की जिथं ढोलकी वाजली नाही. ज्याच्या घरी बुधवारी माणसं येऊन गेली, तो रविवारी आपसूक चर्चला यायचा.

"मग बंद का झाली?"

"पुष्पाबाईनं मोडली," उत्तर आलं. एका घरातून नाही, चार घरांतून. पुष्पाबाईंची पाळी होती, सगळे बायबल काखेत मारून गेले, तर दाराला कुलूप. बाई तीर्थपुरीला बहिणीकडे निघून गेलेली. पुढच्या बुधवारी ज्यांची पाळी त्यांच्याकडे ऐनवेळी पाहुणे आले, त्याच्या पुढच्या वेळी कोणाच्या तरी सासऱ्याला बरं नव्हतं. अशी ती साखळी तुटली ती तुटलीच. त्यालाही आता तीन-चार वर्षं झाली.

पुष्पाबाई एकटीच राहणारी विधवा. रविवारी शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटचं भजन संपायच्या आत चपला घालायची. प्रियदर्शनीला चैन पडेना. असं काय घडलं की बाईने देवाच्या माणसांना कुलूप दाखवावं? ती त्यांच्या घरी गेली. पुष्पाबाई नुकत्याच ज्वारी काढणीच्या कामावरून आल्या होत्या, हातापायांना धसकटांचे ओरखडे. त्यांनी कोरा चहा दिला, आईबापाची चौकशी केली, आणि बुधवारचा विषय निघताच म्हणाल्या की, बहिणीला बरं नव्हतं म्हणून गेल्ते. पुढे एक अक्षर नाही. प्रियदर्शनीने तीन वाटांनी फिरून तोच प्रश्न विचारला आणि तीनदा बहिणीलाच बरं नव्हतं.

मग ती बेबीनंदाबाईंकडे गेली. बेबीनंदाबाईंचं घर गल्लीतलं सगळ्यात मोठं, वर स्लॅब, पुढे ओटा. मुलं दोन्ही पुण्याला, नवरा वारलेला. सेविकाबाई दारात दिसल्या आणि बाईंनी गॅसच पेटवला. पोहे आले, शेव आली, गुलाबजाम आले, वर थंडगार सरबत. बेबीनंदाबाई बुधवारच्या आठवणी सांगत होत्या आणि त्या आठवणी सगळ्या खाण्याच्याच होत्या. आधी नुसता चहा-बिस्किट असायचं. मग कोणीतरी भजी केली. भजी झाली म्हणून दुसऱ्याने पोहे आणि जिलेबी केली. "अन् मंग मी बिर्यानी केल्ती," त्या म्हणाल्या, "अख्खी गल्ली आजून नाव काढती." प्रियदर्शनीने मान डोलावली आणि दुसरा गुलाबजाम उचलला. उत्तर ताटात वाढलेलं होतं, आणि आमची ही चार कानांची पोरगी ते चमच्याने खात बसली.

उत्तर कळलं ते मंडळीबाहेरच्या बाईकडून. पुष्पाबाईंच्या भिंतीला भिंत लागून शकीलाआपा राहायच्या. ब्लाऊज शिवायच्या. प्रियदर्शनी मापाला गेली आणि तिथंही तिने बुधवार काढला. शकीलाआपांनी मशीन थांबवली.

"पैले तुमचं गानं सुरू झालं का आम्ही दारात जाऊन उभे राहायचो," त्या म्हणाल्या. "माझ्या अबुबकरला कावीळ झाल्ती, तवा तातेरावभाऊनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून दुवा मागितली. गल्लीतल्या समद्याच बाया यायच्या. कोनाचं लेकरू आजारी, कोनाची म्हैस."

"मग यायचं का सोडलं?"

"ताटं सुरू झाली ना, बेटा. वास पार माझ्या मशिनीपर्यंत यायचा. आशा टायमाला कोनाच्या दारात उभं राह्यलं तर मान्सं म्हनतील, खायला आली. शरम वाटती." मग मशिनीचं चाक हाताने फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "अन् हिकडं पुष्पाबाईची पाळी आली बिर्यानीच्या बराबर मागून. तिनं काय करावं?"

प्रियदर्शनी माप द्यायचं विसरली. भजीवर पोहे, पोह्यांवर जिलेबी, जिलेबीवर बिर्याणी, आणि बिर्याणीनंतर रोजंदारीवर जाणारी पुष्पाबाई. पाहुण्याला रिकाम्या तोंडी कसं लावायचं, ही आपली रीत. त्या रीतीनेच आत एका बाईला कुलूप लावायला लावलं आणि बाहेर गल्लीला दारातून मागे फिरवलं. कोणी कोणाचं वाईट केलं नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांना पोटभर खाऊ घातलं होतं आणि त्यातच प्रार्थना बंद पडली होती.

आता एवढं कळल्यावर माणसाने दोन दिवस तोंड मिटून बसावं की नाही? पण सापडलेलं कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. रविवारी वचन वाचून झाल्यावर ती पुढे उभी राहिली आणि म्हणाली, आपल्या मंडळीला सैतानाने धरलेलं नाही, बिर्याणीने धरलंय. दोघं-तिघं हसले. त्या हसण्याने तिला आणखी चेव आला. ज्यांची ऐपत होती त्यांनी ताटं वाढवत नेली, ती म्हणाली, आणि ज्यांची नव्हती त्यांना दाराला कुलूप घालावं लागलं. म्हणून आता बुधवारची प्रार्थना पुन्हा सुरू होईल, इथं चर्चमध्येच, आणि खाणं बंद.

ऐपत हा शब्द निघाला तशा सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पुष्पाबाईंनी ती इतकी वर्षं झाकून धरली होती, प्रार्थना मोडल्याचा बोल सोसला होता पण मूठ उघडली नव्हती. प्रियदर्शनीने ती भर चर्चमध्ये उघडून दाखवली. पुष्पाबाई खाली बघत बसून राहिल्या. बेबीनंदाबाई मात्र उठल्या, बायबल उचललं, पदर सावरला आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या. त्या आजवर कधी भजन सोडून गेल्या नव्हत्या.

बुधवारी तातेरावांनी घंटा वाजवली. प्रियदर्शनीने सतरंज्या अंथरल्या. कोणी आलं नाही. दोघांनीच एक भजन म्हटलं, ढोलकीशिवाय, आणि दुसरं सुरू न करताच तिने भजनाचं पुस्तक मिटलं.

"तुमी रोग बराबर हुडकला, ताई," तातेराव सतरंजी गुंडाळत म्हणाले. "पन डाक्टर रोग्याचं नाव माईकवर सांगतो का?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. सण अगदी तोंडावर आला होता. तिला कोडं सोडवायला नव्हतं पाठवलं, मंडळीत जीव आहे का बघायला पाठवलं होतं, आणि होता नव्हता तो जीव तिने आपल्या हाताने घालवला होता. खोलीत येऊन ती खूप रडली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लंगडत घराकडे जाणाऱ्या तातेरावांकडे बघवत नव्हतं.

माफी मागायला ती आधी पुष्पाबाईंकडे गेली. पुष्पाबाईंनी दार उघडलं, ऐकून घेतलं, म्हणाल्या की जाऊ द्या, आणि दार लोटून घेतलं. मग ती बेबीनंदाबाईंकडे गेली. ह्या वेळी गॅस पेटला नाही. तांब्याभर पाणी समोर आलं आणि बाई भिंतीकडे बघत बसल्या. त्या घरात पाहुण्यापुढे नुसतं पाणी, म्हणजे किती राग, ते तिला बरोबर कळलं.

तिने माफी मागितली. मग प्रियदर्शनीने विचारलं, आणि ह्या वेळी कोणाला जाऊन सांगण्यासाठी विचारलं नाही: "बिर्याणी का केली होती, मावशी?"

बेबीनंदाबाईंनी पदराने नाक पुसलं.

"प्रार्थना आर्ध्या तासात सरती, ताई. आमेन म्हनलं का समदे उठून चालले. हे वारले तवापासून ह्या घरात दुसऱ्या मानसाचा आवाज न्हाई. ताट वाढलं का मान्सं तासभर बसत्यात, बोलत्यात, हसत्यात. म्हनून केल्ती. पुष्पीला खाली बघायला लावायचं माझ्या मनात बी नव्हतं. आमी दोघी एका वळीत कापूस वेचलाय. तिच्या दाराला कुलूप दिसलं, मला वाटलं, माझं बरं चाललंय ते तिला बघवंना. म्या तवापासून तिच्याशी बोलनंच सोडलं."

प्रियदर्शनीने त्यांचा हात हातात घेतला. काही शिकवायला गेली नाही. तेवढी अक्कल तिला त्या आठवड्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चर्चच्या पायरीवर बसली होती. समोरून बेबीनंदाबाई आल्या. हातात डबा नाही, पिशवी नाही. कोणाच्या घरी मोकळ्या हातांनी जाणं त्या बाईंना जन्मात जमलं नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. कधी पदर, कधी बांगड्या, असं करत त्या पुष्पाबाईंच्या दाराशी गेल्या, थांबल्या, आणि आत गेल्या. दार बंद झालं.

प्रियदर्शनी उठून उभी राहिली. शेजारच्या खिडकीतून शकीलाआपांनी डोकं बाहेर काढलं आणि तिला खुणेने बोलावलं. भिंत एकाच विटेची होती, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. तिचे पाय दोन पावलं गेलेसुद्धा. मग तिने मान हलवली, मागे वळली आणि चर्चमध्ये जाऊन नसलेली धूळ झाडत बसली. आत काय बोलणं झालं ते तिला आजतागायत ठाऊक नाही. तिच्या आईला हे सांगितलं तर आई विश्वास ठेवणार नाही.

रविवारी उपासना संपली तरी पुष्पाबाई बाकावर बसूनच होत्या. माणसं दाराकडे निघाली तशा त्या उभ्या राहिल्या. आवाज बारीक, पण सगळ्यांनी ऐकला.

"येत्या बुधवारी प्रार्थना माझ्याकडं हाय. खायला काय न्हाई. माठातलं पानी हाय. ज्याला यायचं त्यानं यावं."

तातेराव लगेच म्हणाले, "ढोलकी मी आनतो."

बुधवारी पारखेसाहेबही आले. कमिटीची बैठक सणाआधीच लागली होती आणि त्यांना तिथं काहीतरी सांगायचं होतं. पुष्पाबाईंची खोली ती केवढी! तातेराव, ढोलकी आणि चार म्हातारी माणसं एवढ्यातच भरली. मग सतरंजी ओट्यावर आली, ओट्यावरून गल्लीत गेली. गल्लीत बसायचं म्हटल्यावर कोणाचं घर आणि कोणाचं दार हा प्रश्नच मिटला. पहिलं भजन अर्ध्यावर आलं तेव्हा कोपऱ्यावरच्या दोन बायका शेण-पाणी आटोपून येऊन उभ्या राहिल्या. एकजण कडेवरचं तापलेलं लेकरू घेऊन आली. स्वयंपाकाचा वास नव्हता, त्यामुळे कोणाला लाजायचं कारण नव्हतं.

मग शकीलाआपा आपल्या सुनेला, अंबरीनला, हाताला धरून घेऊन आल्या. तिचे दिवस भरत आले होते आणि ती घाबरलेली होती. शकीलाआपांनी पारखेसाहेबांकडे न बघता सरळ पुष्पाबाईंना म्हटलं, "हिच्यासाठी दुवा करा." पुष्पाबाई गोंधळल्या. त्यांनी पाळकांकडे पाहिलं. पारखेसाहेब आपल्या जागेवरून हलले नाहीत. तेव्हा पुष्पाबाईंनी अंबरीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना येत होती तेवढी प्रार्थना केली. बाळ सुखरूप होऊ दे, आई सुखरूप राहू दे, एवढीच. गल्लीतून आमेनही आलं आणि आमीनही.

पारखेसाहेब प्रियदर्शनीकडे झुकून हळूच म्हणाले, "भांडतो मी कमिटीशी. भोकरदनची बस कोणी धरायची नाही." तिने ते लगेच पुढे बसलेल्या तातेरावांच्या कानात सांगितलं. तातेरावांनी ढोलकी मांडीवर ओढली आणि कोणी न सांगता तिसरं भजन सुरू केलं.

शेवटची प्रार्थना झाली. बेबीनंदाबाई ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. आता माणसं उठतील म्हणून सवयीने त्यांनी आधीच चपला पुढ्यात ओढल्या. पाण्याचा तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता. कोणी अंबरीनला तूप किती खावं ते सांगत होतं, तापलेलं लेकरू कोणाच्या तरी मांडीवर झोपलं होतं, पारखेसाहेब म्हशीच्या दुधाचा भाव ऐकत बसले होते. बेबीनंदाबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्या पुष्पाबाईंच्या कानाशी लागल्या.

"पुष्पे, खायला तर काईच न्हाई."

"न्हाई ना."

"मंग हे उठंनात का?"

"बसू दे की," पुष्पाबाई म्हणाल्या. "तू बी बस."

बेबीनंदाबाईंनी चपला बाजूला सारल्या आणि त्या बसल्या.